पॅकहाऊसच्या भिंतीवर सहा शहरांची वेळ : कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

दिंडोरी रोडला मावसभावाचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. ऑफिसच्या भिंतीवर त्याला पाच घड्याळं हवी आहेत: नाशिक, दुबई, मॉस्को, रॉटरडॅम, लंडन. माल या चार ठिकाणी जातो आणि फोन कधी लावायचा यावरून सीझनभर बोटं मोजणं चालतं. घड्याळं काटेवालीच हवीत. आकडेवाली दाखवली तर म्हणाला, "हे बँकेतल्या टोकनसारखं दिसतं. नको."

पाच साधी घड्याळं सेल घालून टांगायची, एवढं सोपं का नाही? गेल्या सीझनला तेच केलं होतं. घड्याळातला क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावर वेळ चालते. स्वस्त मशीनमध्ये दिवसाला सेकंद-दीड सेकंदाची चूक ठरलेलीच. त्यात हा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सर्वांत बरा चालतो; गारठला तरी मागे पडतो, तापला तरी मागेच पडतो. ऑफिसच्या भिंतीपलीकडे प्री-कूलिंगची खोली आहे. संक्रांतीला एकत्र लावलेली घड्याळं होळीपर्यंत मिनिटाच्या फरकाने आपापल्या वाटेने गेली होती.

ते चालवून घेतलं असतं. खरा घोळ मार्चअखेर झाला. युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात, ती नेमकी भर सीझनमध्ये. भिंतीवरची कोणी हलवली नाहीत आणि पुढचा आठवडाभर रॉटरडॅमचा माणूस घरी निघून गेल्यावर इथून फोन जात राहिले.

ऑफिसातले हिशेबनीस काका म्हणतात, लंडनसाठी घड्याळ लागतच नाही. मनगटावरचं काढून उलटं धरायचं, सहाचा आकडा वर. आपले बारा तिथले साडेसहा. खरंच जमतं, कारण फरक साडेपाच तासांचा आहे आणि डायल अर्ध्याने फिरवली की तेवढंच सरकतं. फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात फरक साडेचारचा होतो आणि काकांची युक्ती तासाने चुकते.

११ जानेवारी

काय करायचं ते ठरलं. घड्याळाच्या मशीनमधला क्रिस्टल बाजूला सारायचा आणि काट्यांना झटके बाहेरून द्यायचे. झटके देणार ईएसपी३२, हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड. तो वाय-फायवरून इंटरनेटची वेळ घेईल, आणि नेट नसेल तेव्हा डीएस३२३१ या वेळ राखणाऱ्या चिपवर चालेल. ही चिप तापमान बघून स्वतःला सावरते, वर्षाला मिनिटभराच्या आतबाहेर राहते.

डीएस३२३१ चं स्वस्त निळं मॉड्यूल घेणाऱ्यांसाठी: त्यावर सेल चार्ज करायची सोय असते आणि दुकानदार सोबत देतो तो साधा सीआर२०३२, जो चार्ज करायचा नसतोच. तो फुगतो. चार्जिंगच्या वाटेतला छोटा रेझिस्टर उपटून टाकला, मग सेल घातला.

पाच घड्याळांना झटके न्यायला पाच वेगळ्या लाईन लागतील असं आधी धरलं होतं. कागदावर मांडल्यावर दिसलं की सेकंद सगळीकडे एकच आहे. भिंतीवर दुबई, मॉस्को, रॉटरडॅम, लंडन यांचे मिनिटकाटे एका दिशेला असतील आणि नाशिकचा बरोबर उलट, कारण आपला अर्धा तास. पण झटका सगळ्यांना सारखाच. काटे एकदा हाताने लावले की एका लाईनवर कितीही शहरं चालतील. अगदी काठमांडू हवं असलं तरी, त्यांचं पावणेसहा तासांचं अंतर हाताने लावायचं एवढंच.

वेगळी लाईन लागते ती वेळ बदलणाऱ्यांना. दुबई बदलत नाही. मॉस्कोने २०११ मध्ये बदलणं सोडलं, २०१४ च्या ऑक्टोबरात एकदा तासभर मागे आलं आणि तेव्हापासून आपल्याहून अडीच तास मागेच आहे. लंडन आणि रॉटरडॅम मात्र बदलतात, आणि सोयीची गोष्ट म्हणजे दोन्ही एकाच क्षणी बदलतात: मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, ग्रीनिच वेळेने रात्री एक वाजता. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा असतात. म्हणजे दोन लाईन पुरतात. अ: नाशिक, दुबई, मॉस्को. ब: लंडन, रॉटरडॅम.

१९ जानेवारी

शालिमारजवळच्या दुकानातून पाच मशीन आणली, नगाला ९० रुपये. घरी येऊन झटके दिले तर काटा जागचा हलेना. सगळी 'सायलेंट' निघाली. यात सेकंदकाटा टिकटिक न करता सरकत राहतो, त्याला सेकंदाला एक नव्हे, कितीतरी झटके लागतात. आपल्या कामाची नाहीत. दुकानदाराने परत घेतली नाहीत. ४५० रुपये गेले. आणताना दुकानातच सेल घालून बघा: टिकटिक ऐकू आली तरच घ्या.

मग सरळ बारा इंची तयार घड्याळंच घेतली, टिकटिकवाली, ३२० रुपयांची. आत तेच मशीन असतं, डायल आणि काच फुकट पडते.

मशीन उघडायची पद्धत: मागचं झाकण नखाने सुटतं. आत पांढरी प्लास्टिकची चाकं, एका बाजूला तांब्याची कॉइल आणि तिच्या तोंडाशी तांदळाएवढा रोटर, म्हणजे झटक्यासरशी फिरून चाकं हलवणारा तुकडा. हा रोटर चुंबक आहे. स्टीलचा चिमटा जवळ नेला की टुणकन उडून चिमट्याला चिकटतो आणि वरची चाकं विस्कटतात. दात कोरायची काडी वापरली, तिने सगळं नीट झालं. सर्किटवरच्या काळ्या थेंबाखाली चिप असते. तिथून कॉइलकडे जाणारे दोन्ही ट्रॅक कटरने खरवडले आणि कॉइलच्या दोन टोकांवर बाहेरच्या वायरी लावल्या. कॉइलची तार केसाहून बारीक, सोल्डरिंग गन दोन सेकंदांच्या वर टेकवायची नाही. एक कॉइल तुटली, ते घड्याळ आता दादाच्या मुलाचं खेळणं आहे.

कॉइल मल्टिमीटरवर २०० ओहमच्या आसपास भरल्या. ३.३ व्होल्टवर चालवायच्या तर प्रत्येकीच्या वाटेत २२० ओहमचा रेझिस्टर घातला. बोर्डाच्या पिनवर तीन घड्याळांचा भार टाकायला मन धजेना, म्हणून मध्ये भार पेलणारी चिप, डीआरव्ही८८३३ ड्रायव्हर, १२० रुपयांचा. झटका एकदा सुलट, एकदा उलट द्यावा लागतो, हे काम तो आयतं करतो.

२ फेब्रुवारी

लाईट गेली तर काय, यात आठवडा गेला.

ईएसपीला खरी वेळ कळते. काटे कुठे आहेत ते मात्र कळत नाही, कारण घड्याळाकडून परत काहीच निरोप येत नाही. दिलेले झटके मोजत राहणं एवढाच मार्ग. बारा तासांचा एक फेरा म्हणजे ४३,२०० झटके. हा आकडा लाईट गेल्यावरही टिकला पाहिजे. बोर्डाच्या आतल्या फ्लॅश मेमरीवर दर सेकंदाला लिहायचं म्हणजे दिवसाला ८६,४०० वेळा, आणि फ्लॅशची एक जागा लाखभर वेळा लिहून झाली की थकते. जागा बदलत लिहिलं तरी भिंतीवर वर्षानुवर्षं राहणाऱ्या वस्तूत हे नको. एफरॅमचं मॉड्यूल मागवलं, लाईट गेली तरी न विसरणारी वेगळी मेमरी, ४२० रुपये. त्यावर अब्जावधी वेळा लिहिता येतं. यादीतली सर्वांत महाग चिल्लर वस्तू, पण तिच्यावाचून हे काम करू नका.

आणखी एक बारकावा. शेवटचा झटका सुलट होता की उलट हेही लक्षात ठेवावं लागतं. लाईट आल्यावर पुन्हा त्याच दिशेचा झटका दिला तर रोटर हलत नाही आणि एक सेकंद मुका जातो. दिवसातून चार वेळा लाईट जाणाऱ्या ठिकाणी हे साचत जातं. आता मोजणीचा आकडा सम असेल तर सुलट, विषम असेल तर उलट, असं बांधून टाकलं.

लाईट आल्यावर काटे मागे असतील तर सेकंदाला ८ झटक्यांनी पळायचं, थोडे पुढे असतील तर वेळ येईपर्यंत थांबायचं. मशीन मागे फिरत नाही.

९ फेब्रुवारी

पूर्ण संध्याकाळ वाया गेली. नाशिकचं घड्याळ नेमकं तासभर पुढे दाखवत होतं. तासभर म्हटल्यावर संशय सरळ उन्हाळी वेळेच्या कोडवर गेला, आणि नाशिकला उन्हाळी वेळ नसताना ती कुठून लागतेय ते शोधत बसलो.

चूक चिन्हाची होती. बोर्डाला शहराचा नियम एका ओळीत द्यावा लागतो आणि त्या ओळीत चिन्हं उलटी असतात: ग्रीनिचच्या पूर्वेला वजा, पश्चिमेला अधिक. भारतासाठी वजा साडेपाच लिहायचं. मी सवयीने अधिक लिहिलं, त्यामुळे घड्याळ अकरा तास मागे गेलं. बारा तासांच्या डायलवर अकरा तास मागे आणि एक तास पुढे यांत फरक दिसतच नाही. आता नवं शहर घातलं की आधी कॉम्प्युटरवर तारखेसकट पूर्ण वेळ छापून बघतो, काट्यांवर विश्वास नंतर.

लंडनसाठी 'साडेपाच तास मागे' असा आकडा कुठेही लिहिलेला नाही, नियमच लिहिला आहे. तोही वाय-फायवरून बदलता येईल असा ठेवला. युरोपियन पार्लमेंटने २०१९ मध्येच वेळबदल बंद करायच्या बाजूने मत दिलं होतं, अंमल अजून नाही. उद्या झाला तर शिडी लावून बोर्ड उतरवायला नको. डीएस३२३१ मध्येही ग्रीनिच वेळच ठेवली आहे.

१६ फेब्रुवारी

भिंतीवर चढवलं. सुताराने आठ बाय दोनचा प्लायवूड लॅमिनेट लावून दिला, १,८०० रुपये, वायरी मागून. वाय-फाय पोचेना: राउटर आणि भिंत यांच्यामध्ये कोल्ड स्टोअरचं पफ पॅनल, म्हणजे आत फोम आणि दोन्ही बाजूंनी पत्रा. राउटर ऑफिसच्या दारावर सरकवला.

सगळं लागल्यावर वहिनी आल्या, पाहिलं, आणि म्हणाल्या, "टोरांटो कुठाय?" मुलगी तिथे शिकायला आहे. दादा म्हणाला, "अगं, आपला माल नाही जात तिकडे." वहिनी म्हणाल्या, "पोरगी गेलीये ना."

टोरांटो लागणार. फळीवर जागा होती, पण अमेरिका-कॅनडाची वेळ बदलते मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या. ब लाईनवर बसवता येत नाही. क लाईन, दुसरा ड्रायव्हर, आणखी ३२० चं घड्याळ.

१ मार्च

टोरांटो आठवडाभर नीट चाललं. काल दुपारी दीडला जेवण उरकून वहिनींनी त्यावर तीन पाहिले आणि फोन लावला. तिकडे पहाटेचे तीन होते. पोरगी घाबरून उठली, घरी काय झालं म्हणून.

काटेवाल्या घड्याळाला दिवस-रात्र कळत नाही, हे जगाची वेळ लावताना पहिल्याच दिवशी सुचायला हवं. प्रत्येक डायलवर बाराच्या आकड्याखाली ३ मिमीचं भोक पाडून पिवळा एलईडी बसवला. तिथे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असेल तर पेटतो, नाहीतर विझलेला. भोक पाडताना काटे काढा आणि डायलखाली लाकूड धरा, नाहीतर पुठ्ठा फाटतो.

९ मार्च

टोरांटोची वेळ आज बदलणार होती, आपल्या साडेबारा वाजता. तासभर पुढे पळायचं म्हणजे ३,६०० झटके, सेकंदाला ८ प्रमाणे साडेसात मिनिटं. पण तेवढ्यात खरी वेळही पुढे जाते, तीही भरून काढायची, म्हणून प्रत्यक्षात ५१४ सेकंद, साडेआठ मिनिटं.

साडेबाराला काटा पळू लागला. बारा अडतीसला थांबला तेव्हा तीन वाजून साडेआठ मिनिटं हवी होती, दाखवत होता तीन वाजून एक. साडेसात मिनिटांचे झटके कुठेतरी गळाले. घरी टेबलावर हेच मशीन याच वेगाने तासन् तास एकही झटका न चुकवता पळालं होतं.

काटे हाताने लावले. वहिनींनी विचारलं, "आता अंतर किती?" साडेनऊ तास. लंडनचं घड्याळ अजून हललेलं नाही, त्यामुळे ३० तारखेपर्यंत लंडन आणि टोरांटोमध्येही पाचऐवजी चारच तास आहेत.

१४ मार्च

धुळवड. नाशकात रंग खेळायचे ते रंगपंचमीला, रहाडीत (रंगाच्या जुन्या हौदात), त्यामुळे आजची सुट्टी पूर्ण मोकळी मिळाली. टोरांटोचं घड्याळ उतरवून घरी आणलं.

टेबलावर आडवं ठेवून पळवलं: एकही चूक नाही. भिंतीला उभं टेकवून पळवलं आणि सेकंदकाट्याकडे बघत बसलो. खाली उतरताना झरझर जातो. सहा ओलांडून वर चढू लागला की अडखळतो आणि नऊच्या आसपास जागच्या जागी थरथरतो, मग सुटतो. सेल संपत आलेलं घड्याळ नऊपाशीच का अडकतं, त्याचंही कारण हेच. बारा इंची घड्याळाचा लांब पत्र्याचा काटा नऊवर आडवा असतो, तिथे तो उचलायला सर्वांत जास्त जोर लागतो. सेकंदाला एकच झटका असेल तर रोटर सावरतो, आठ असतील तर पुढचा झटका आधीच्याला गाठतो. आडव्या टेबलावर चढ नाही, म्हणून तिथे सगळं पास.

तीन गोष्टी बदलल्या. झटक्याची लांबी ४० वरून ६० मिलिसेकंद. वेग ८ वरून ६, त्यामुळे आता तासाला बारा मिनिटं लागतील. आणि ब, क लाईनवरच्या तिन्ही घड्याळांचे सेकंदकाटे काढून टाकले. दादाला ते आवडलं नाही, "अर्धवट वाटतं" म्हणाला. नाशिक, दुबई, मॉस्कोचे ठेवले आहेत. त्यांना तासभर पळायचं नाही, लाईट गेल्यावर पळावं लागतं तेवढं ते या कमी वेगात झेपवतात. उभ्या भिंतीवर चाचणी घेतली, काटा बारा तासांचे फेरे मारून जिथल्या तिथे आला.

३० मार्च

गुढीपाडवा आणि युरोपचा वेळबदल एकाच दिवशी. घरी सांगितलं, गुढी येऊन उभारतो. सव्वासहाला ऑफिसात होतो. पॅकिंग हॉलमध्ये रात्रीचा माल भरणं चालूच होतं.

साडेसहाला लंडन एकवर, रॉटरडॅम दोनवर. दोन्ही मिनिटकाटे एकदम सुटले. सेकंदकाटा नसल्यामुळे बघायला फार काही नाही, मिनिटकाटा सहापट वेगाने सरकताना दिसतो इतकंच. हॉलमधून दोघी-तिघी पेट्या ठेवून बघायला आल्या. एक मावशी म्हणाल्या, "घाई कशाची झालीये त्याला?" सहा बेचाळीसला काटे थांबले: लंडन दोन बारा, रॉटरडॅम तीन बारा. मोबाईलशी ताडून पाहिलं, बरोबर.

काकांना सांगितलं, आता ऑक्टोबरपर्यंत घड्याळ उलटं धरू नका.

२२ जून

पावसाळी नोंद, छोटीच. विजांच्या रात्री अ‍ॅडॉप्टर जळाला, बोर्ड वाचला. घड्याळं दोन दिवस बंद. नवा अ‍ॅडॉप्टर लावल्यावर सगळी आपापली पळत वेळेवर आली, नाशिकसकट. एफरॅमचे ४२० रुपये वसूल.

आतापर्यंतचा खर्च, प्लायवूड सोडून आणि वाया गेलेली मशीन धरून, ४,५०० च्या आसपास.

२६ ऑक्टोबर

मागे यायचा दिवस. मशीन मागे फिरत नाही, मग दोन पर्याय: अकरा तास पुढे पळायचं किंवा तासभर थांबायचं. सेकंदाला ६ च्या वेगाने अकरा तास पळायला दोन तास बारा मिनिटं लागतात. थांबणं स्वस्त. साडेसहा ते साडेसात लंडन आणि रॉटरडॅम गप्प राहतील असं ठेवलं होतं.

भाऊबीज होऊन तीनच दिवस झालेले, त्यात रविवार, ऑफिसात फक्त रखवालदार. त्याने पावणेसातला पाहिलं, दोन घड्याळं बंद. भला माणूस, सेल बदलायला लंडन खाली उतरवलं. सेल सापडला नाही, आणि ओढताना कॉइलची वायर सुटली. मला फोन आला तेव्हा तो स्वतःच जास्त घाबरलेला होता. रॉटरडॅम साडेसातला आपोआप सुरू झालं, ते बरोबर होतं.

दुपारी जाऊन लंडन दुरुस्त केलं. वायर आता थेट कॉइलवर ओढ देत नाही, आधी मशीनच्या अंगाला गरम गोंदाने चिकटवली आहे आणि मध्ये दोन पिनचा कनेक्टर आहे. हे जानेवारीतच करण्यासारखं होतं. सगळ्या घड्याळांना तसं करून घेतलं. प्रत्येकाच्या मागे चिठ्ठी: "सेल नाही. उतरवू नये." थांबलेल्या तासात एलईडी मंद लुकलुकेल असा दोन ओळींचा बदलही प्रोग्रॅममध्ये केला, म्हणजे बंद पडलेलं आणि थांबलेलं यांतला फरक खालून कळेल.

२ नोव्हेंबर

टोरांटो साडेअकराला थांबलं, एलईडी लुकलुकला, साडेबाराला सुरू झालं. रखवालदार खाली खुर्ची टाकून बसला होता, हात लावला नाही.

आता दादाला सिंगापूर हवंय. तिथे वेळ बदलत नाही, अ लाईनवर जाईल.